पात्र महिला उमेदवार

पाणीपुरवठा मंडळाच्या माहिती अधिकारी भानुमती धारूरकरांच्या टेबलावर सोमवारी सकाळी माहिती अधिकाराचा एक अर्ज येऊन पडला. अर्ज चार ओळींचा. 'व्हॉल्व्ह ऑपरेटर पदाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मला किती वेळ लागला, तो कोणी मोजला आणि मला किती गुण दिले, याची प्रत मिळावी.' खाली सही होती विशाखा मगरे, मुकुंदवाडी.

भानुमतीबाईंना ती मुलगी लख्ख आठवली. लेखी परीक्षेत ती पहिली आली होती. फेब्रुवारीत मंडळाच्या जुन्या पंपहाऊसच्या मैदानावर प्रात्यक्षिक झालं. मोठ्या जलवाहिनीचा व्हॉल्व्ह चावी लावून पूर्ण बंद करायचा, पुन्हा उघडायचा. धट्टीकट्टी पोरं अडीच-अडीच मिनिटं घेत होती. विशाखानं ओढणी कमरेला खोचली, पाय रोवले आणि अंगाचा सगळा भार चावीवर टाकत एक मिनिट बावन्न सेकंदांत काम संपवलं. स्टॉपवॉच बाईंच्याच हातात होतं. त्यांनी आकडा मोठ्यानं वाचला, तेव्हा रांगेतल्या एकदोघांनी माना खाली घातल्या होत्या.

त्यांनी भरतीची फाइल मागवून घेतली. विशाखाच्या नावापुढं वेळ होती चार मिनिटं दहा सेकंद. तीसपैकी गुण नऊ. अक्षर कुणाचं कोण जाणे. सही मात्र त्यांचीच.

बाईंना प्रात्यक्षिकाची दुपार आठवली. त्या दिवशी उन्हाचा कडाका होता, गाडी निघायची घाई होती. कुणीतरी पाच कोरे तक्ते पुढं केले. "मॅडम, तेवढ्या सह्या करून ठेवा, आकडे आम्ही भरतो." बाईंनी सह्या केल्या होत्या. दरवेळीच करत. निवड समितीत एक बाई असावी असा नियम, आणि मंडळात वरच्या हुद्द्यावर बाई एकच. म्हणून अकरा समित्यांवर त्या 'महिला सदस्य' होत्या.

दुपारी निवड समितीच्या अध्यक्षांनी बोलावलं. वैजनाथ अंबडकर कधी आवाज चढवत नसत. त्यांनी चहा मागवला, दार लोटून घेतलं.

"अर्ज वाचला मी. उत्तर देऊन टाका, तक्त्यात आहे तेच."

"साहेब, तक्त्यातली वेळ खोटी आहे."

"घड्याळ कुणाच्या हातात होतं मॅडम?"

बाईंनी मांडीवरची फाइल मिटली.

"सही कुणाची आहे? आम्ही तिघांनी तर तुमच्यावर विश्वास ठेवून गुण दिले." त्यांनी चहाची बशी हलकेच बाईंकडे सरकवली. "ऑगस्टमध्ये तुमची निवृत्ती. मागच्या दहा समित्यांचे कागदही जपून ठेवलेत मी. सगळ्यांवर तुमची सही आहे. घ्या, गार होतोय."

चहा न घेताच बाई उठल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्या दहाही फाइली काढून वाचल्या. शिपाई, वाहनचालक, फिटर, लाइनमन. पद वेगळं, पण शेवटच्या पानावर तेच वाक्य होतं: 'पात्र महिला उमेदवार उपलब्ध न झाल्याने सदर जागा पुरुष उमेदवारांमधून भरण्यात येत आहेत.' खाली त्यांची वळणदार सही. अपात्र ठरवलेल्या त्या सगळ्या बायका कशा दिसत होत्या, हे त्यांनी आठवून पाहिलं. एकीचाही चेहरा समोर येईना.

उत्तर त्यांनी पाठवलं नाही. महिना उलटला, विशाखानं अपील केलं, मंडळातच सुनावणी लागली. व्हरांड्यात ती एकटीच बसली होती, मांडीवर आयटीआयच्या प्रमाणपत्राची पिशवी.

"मॅडम, माझे किती सेकंद झालते, तुम्हीच वाचलं व्हतं ना?"

"एकशे बारा."

"मग आत बी तेवढंच सांगा. मला दुसरं काय नाय पायजे."

बाईंनी आत जाऊन सांगितलं. एकशे बारा सेकंद, कोरे तक्ते, आपल्या सह्या, काही म्हणता काही लपवलं नाही. टाइप करणाऱ्या लिपिकाचे हात थांबले. वैजनाथसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना राग आलेला दिसेना, आणि बाईंना त्याचीच जास्त धास्ती वाटली.

आठ दिवसांत मंडळाचे दोन हुकूम निघाले. निवड यादी रद्द, प्रात्यक्षिक पुन्हा. आणि निष्काळजीपणाबद्दल भानुमती धारूरकर निलंबित. बाकी कुणाला साधी नोटीसही नाही.

फेरपरीक्षेच्या दिवशी अकरा वाजता बाईंना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, विशाखा बोलतेय. आमचे फोन गेटवर जमा करून घेतलेत. हा आत चहा द्यायला आलेल्या चंपाबाईचा हाय." तिला धाप लागली होती. "व्हॉल्व्हच्या दांड्याचं चौकोनी टोक घासून गोल केलंय कुणीतरी. चावी बसतच नाय, नुसती फिरतीय. माझ्या आधीच्या तिघांनी चावी फक्त धरली. तरी त्यांची वेळ लिहून घेतली."

"समितीत बाई कोण आहे?"

"हाय एक नवीन. मान वर करीना." मागून कुणीतरी नाव पुकारलं. "माझा नंबर आला, जाते."

बाई रिक्षानं पंपहाऊसपाशी पोचल्या तेव्हा फाटक आतून लावलेलं होतं. रखवालदारानं ओळख दिली नाही. फाटकाबाहेरच्या चंपाबाईच्या टपरीपाशी त्या उभ्या राहिल्या. तासाभरानं विशाखा बाहेर आली. दोन्ही तळहात सोलवटले होते.

"नापास केलं," ती म्हणाली. "दहा मिनिटं झटले मी. सगळे नुसते बघत व्हते."

चंपाबाईनं तिच्या हातांवर पाणी घातलं.

"खंडपीठात जाऊ," बाई म्हणाल्या. "वकील माझ्या ओळखीचे आहेत. मी प्रतिज्ञापत्र देते. या एकाच भरतीचं नाही, अकराही समित्यांचं."

"तुमच्यावरच शेकंल की."

"शेकू दे. सह्या माझ्याच आहेत."

विशाखानं ओल्या हातानंच त्यांची पर्स धरली. "चला. आधी घरी जाऊन लिहून काढू. स्टेशनच्या मागंच घर हाय, चालत जाता येतं."

तेवढ्यात फाटक उघडून पांढरी गाडी बाहेर आली. काच खाली गेली. वैजनाथसाहेबांनी आधी विशाखाकडे, मग बाईंकडे पाहिलं.

"मॅडम, उन्हात कशाला? बसा, सोडतो. हिचं घर कुठाय?"

"नको," बाई म्हणाल्या.

"मुकुंदवाडीला ना? माहितीये मला."

काच वर गेली. दोघी चालू लागल्या. गाडी पुढं निघून जाईल म्हणून त्या रस्त्याच्या कडेला झाल्या. गाडी पुढं गेली नाही. वीसेक पावलं अंतर राखून, त्यांच्याच चालीनं, ती मागून येत राहिली. विशाखानं बाईंचा दंड घट्ट धरला आणि झपाझप पावलं उचलली.