पहारेकऱ्याने ओळखलेला माणूस

पद्मनाभरावांना लाल बावट्याचा मनापासून राग. आमच्या सरकारी कारखान्याच्या कँटीनमध्ये ते हे उघड बोलत. त्यामुळे शहाण्णवच्या संपात गोदामाला आग लागली आणि चौकशी त्यांच्याकडे आली, तेव्हा युनियनचा पुढारी हयवदन आता संपला, असंच सगळे धरून चालले. मी त्यांच्या हाताखालची नवी इंजिनिअर. मदतीला त्यांनी मलाच घेतलं.

पहिल्याच बैठकीत हयवदन म्हणाला, "सर, निकाल तुम्ही आधीच ठरवलाय."

"तुमचं राजकारण मला पटत नाही," पद्मनाभराव शांतपणे म्हणाले. "ते मी लपवणार नाही. म्हणूनच तुम्ही रोज इथे बसा. मी विचारायचं राहिलं, तर तुम्ही विचारा."

मग पहारेकरी हरीची साक्ष झाली. आगीच्या संध्याकाळी हयवदन रॉकेलचा डबा घेऊन गोदामाकडे जाताना त्याने गेटवरून पाहिला होता. हरी सरळ माणूस. त्याच्यावर कुणी शंका घेईना. वरचे साहेब खूश झाले. आता फक्त अहवाल लिहायचा बाकी होता.

पद्मनाभरावांनी तो लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या सुमारास मला म्हणाले, "हरीला घेऊन गेटवर उभ्या राहा. गोदामाकडे कोण जातंय, एवढंच विचारा. हयवदनला तुमच्या मागे, पहारेकऱ्याच्या खोलीत ठेवा. हरीला कळू देऊ नका."

थोड्या वेळाने झाडांमागून निळा कोट घातलेला एक माणूस डबा घेऊन निघाला.

"हरिअण्णा, कोण चाललंय?"

"हयवदन," हरी लगेच म्हणाला. "त्याची चाल ओळखतो मी."

खोलीच्या दारात हयवदन उभा होता. तो माणूस वळून आमच्याकडे येऊ लागला. आधी चष्मा चमकला, मग पांढऱ्या मिश्या दिसल्या. कामगाराचा कोट चढवून खुद्द पद्मनाभराव आले होते.

हरीने मागे वळून हयवदनकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी खोटं नाही बोललो, सर."

"माहीत आहे मला," सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हाला वाटलं तेच तुम्ही सांगितलंत."

मी हरीचे शब्द चौकशीच्या वहीत लिहून घेतले.

हयवदनने आग लावल्याचा पुरावा नाही, असा अहवाल गेला. गोदामाचं कुलूप मात्र युनियनच्या माणसांनी तोडलं होतं. तेही सरांनी लिहिलं. साहेब चिडले, युनियनही कुरकुरली. हयवदनने अहवाल वाचला, सरांच्या टेबलावर परत ठेवला आणि निघून गेला.

संध्याकाळी जे. पी. नगरच्या बसमध्ये मी विचारलं, "सर, हयवदनबद्दलचं मत बदललं?"

"छे. माझं मत आहे तिथेच आहे."

"मग हे सुचलं कसं?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हरीने साक्ष दिली तेव्हा मला फार आनंद झाला, नयना. तो आनंद बघून मीच घाबरलो."

त्यांचा स्टॉप आला, ते उतरले. माझा केव्हाच मागे गेला होता.