टिकलीखालचं बटण

मच्छिंद्र गुरुजींच्या मोबाईलच्या काचेवर दोन टिकल्या चिकटवलेल्या होत्या. डोळ्यांपुढे धुकं दाटल्यापासून त्यांना अक्षर दिसत नव्हतं; बोटाला टिकली मात्र बरोबर लागायची. वरची दाबली की वर्गाचं ॲप उघडायचं, खालची दाबली की लांब उसाच्या तळावर घंटा वाजायची. पाथर्डीकडची माणसं ऊसतोडीला गेली की त्यांची पोरं संध्याकाळी त्यांच्यातल्याच ज्योतीच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, तिच्या फोनभोवती गोळा व्हायची आणि गुरुजी इकडे गावात ओट्यावर बसून त्यांना गोष्ट सांगायचे, पाढे म्हणून घ्यायचे.

टिकल्या गुरुजींच्या पत्नीच्या, सुमनबाईंच्या पाकिटातल्या. चिकटवल्या होत्या मुलानं, चेतननं. तेव्हाच गुरुजींनी त्याला बजावलं होतं, "हे ॲप आपोआप अपडेट होऊ देऊ नकोस. ज्याला दिसत नाही, त्याच्या घरातली खाट न विचारता हलवायची नसते."

"नाही होऊ देणार, अण्णा. शब्द देतो."

एका संध्याकाळी त्यांनी खालची टिकली दाबली आणि घंटा वाजलीच नाही. पुन्हा दाबली. फोन गप्प. दुसऱ्या दिवशीही तेच.

"दमली असतील पोरं," गुरुजी म्हणाले. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांचा आवाज बदलला. "कंटाळली ती. म्हाताऱ्याच्या गोष्टीला किती दिवस बसणार?"

"अहो, रेश्मा तरी थांबली असती," सुमनबाई म्हणाल्या. ज्योतीची ही पोरगी नुकती जोडाक्षरं वाचायला लागली होती.

"तिचंच तर वाईट वाटतंय."

तेवढ्यात फोन वाजला. ज्योतीचा होता, पण बोलली रेश्मा. "गुरुजी, तुमी आमाला का सोडलं?"

"मी? अगं, तुम्हीच येत नाही!"

"खोटं नका बोलू. फोनवर लिव्हलं हाय, ‘गुरुजींनी वर्ग सोडला.’ मी वाचलं. कुनाला इचारलं न्हाई, माझं मी वाचलं."

आपल्या शिष्येनं स्वतःच्या जिवावर वाचलेलं पहिलं वाक्य हे! "थांब बाळा, मी बघतो," असं म्हणून गुरुजींनी फोन ठेवला.

चेतन पाथर्डीत मोबाईलच्या दुकानात कामाला होता. जीपमधून उतरून तो दारात येतो न येतो तोच गुरुजींनी फोन त्याच्या हातात दिला. त्यानं जरा वेळ बघितलं.

"बटणं सरकलीत, अण्णा. खालच्या टिकलीखाली आता ‘वर्ग सोडा’ आलंय."

"सरकली कशी? अपडेट बंद होतं ना?"

शेंगा सोलणाऱ्या सुमनबाईंचे हात थांबले.

"मी चालू केलं होतं," चेतन म्हणाला. "जुन्या ॲपमधून चोर शिरतात, अण्णा. दुकानात रोज कोणी ना कोणी रडत येतं. तुमची बँकही याच फोनवर आहे. तुमच्या काळजीनंच केलं."

"काळजी बरोबर आहे तुझी. पण मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणजे माझं नाही तुला ठाऊक होतं," गुरुजी हळूच म्हणाले. "मला दिसत नाही, हेही ठाऊक होतं."

चेतननं खालची टिकली नखानं उचलून नव्या जागी लावली, वर्ग पुन्हा जोडला आणि वडिलांचं बोट धरून तिथं नेलं. "आपोआप अपडेट बंद केलंय. यापुढे तुम्हाला विचारूनच करीन."

घंटा वाजली. तिकडे एकच गलका उठला. "आले, आले! गुरुजी आले!" त्या गलक्यातून रेश्माचा आवाज आला, "उद्या पन येनार ना? का परत सोडनार?"

एरवी गुरुजी लगेच हो म्हणाले असते. आज त्यांचं बोट टिकलीभोवती फिरत राहिलं. काचेखाली काय आहे, ते फक्त चेतन सांगत होता.

"आधी राहिलेली गोष्ट पुरी करू," ते म्हणाले.

वर्ग संपला तरी चेतन ओट्याच्या कडेला बसून होता. गुरुजींनी फोन त्याच्यासमोरून पुढे नेत सुमनबाईंकडे धरला.

"तू बघ गं. खरंच बंद आहे का?"

सुमनबाईंनी चष्मा लावला. चेतननं कुठं बघायचं ते त्यांना दाखवलं.

"आहे बंद," त्या म्हणाल्या.

"त्यानं बोट ठेवलं तिथलं नको," गुरुजी म्हणाले. "तुझं तू शोधून वाच."