डाव्या डोळ्यातली जान

शहरातल्या नंदनवन वस्तीत माझा फोटो स्टुडिओ होता. तिथे चाळीस वर्षांत मी काही हजार डोळे उघडले. डोळ्यांचा डॉक्टरही एवढे उघडत नसेल. लग्नाच्या ग्रुप फोटोत एक तरी मामा डोळे मिटतोच. मग त्याच मामाचा दुसऱ्या फोटोतला डोळा काढायचा आणि इथे बसवायचा.

गेलेल्या माणसांचं काम त्याहून सोपं, ती हलत नाहीत. हयातीतला धड फोटो घरात सापडत नाही, म्हणून लोक शेवटचाच काढून आणतात आणि सांगतात, "डोळे उघडून द्या." भावाचा डोळा चालतो. मी एकदा साडूचाही चालवला. एकच मिळाला तरी भागतं. तोच उलटा करून दुसऱ्या बाजूला लावायचा आणि बुबुळावर उजेडाचा पांढरा ठिपका द्यायचा. त्या ठिपक्याला आमच्या दुकानात 'जान' म्हणत. "जान टाकली का रे?" असं मी आतून ओरडलो की बाहेर बसलेले नातेवाईक घटकाभर रडायचे थांबत.

पुढे दुकानात मुलाने मोबाइलची कव्हरं विकायला घेतली आणि मी निवृत्त झालो. निवृत्त माणूस दिसला की लोकांना समाजकार्य आठवतं. शहराबाहेर माळावर जखमी शिकारी पक्ष्यांचं एक केंद्र होतं. तिथल्या व्यवस्थापक मिनल मॅडमनी मला कॅलेंडरसाठी बारा फोटो काढायला बोलावलं. अट एकच.

"काका, जाळी दिसायला नको, पायातला पट्टा दिसायला नको. पक्षी मुक्त वाटले पाहिजेत."

हे अवघड नसतं. लेन्स जाळीला टेकवली की जाळी विरघळते. फोटोपुरती. एका पंखाचा शिक्रा मी पंखाच्या बाजूने घेतला. मांजाने मान कापलेल्या घारीच्या मानेवर तिच्याच पोटाची पिसं लावली. पट्टे पुसले. मागे आभाळ टाकलं. जानेवारी ते डिसेंबर एकही पक्षी आजारी राहिला नाही. आठवड्यात बारा रुग्ण बरे करणारं दुसरं केंद्र विदर्भात नसेल.

फेब्रुवारीच्या पानावर मोरघार होती. डोक्यावर तुरा, पिवळाजर्द डोळा, आणि समोरच्याने काहीतरी गुन्हा केलाय अशी नजर. नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेत विजेच्या तारेला धडकून आली होती. पंख जुळला, पण डाव्या डोळ्यात फूल पडलं. बुबुळ पार दुधासारखं. पक्ष्यांना नावं द्यायची नाहीत असा केंद्राचा नियम होता, म्हणून तिला खाऊ घालणारा चंद्रभान तिला नुसतं 'बाई' म्हणायचा.

चंद्रभान साठीला टेकलेला, उंच, जरा वाकलेला. बाईच्या पिंजऱ्यात नेहमी उजव्या अंगाने शिरायचा आणि बोलत शिरायचा. "मीच होय वं बाई, मीच होय." मांसाचा तुकडा पुढे केला की तिची चोच चार बोटं चुकायची. चंद्रभान मग हात चार बोटं सरकवायचा. ती चुकली हे तिला कळू न देता.

फोटो मात्र तिचाच सगळ्यात देखणा आला, अगदी समोरून. फक्त डावीकडे ते पांढरं. माझा हात सवयीने गेला. उजवा डोळा उचलला, उलटा केला, डावीकडे बसवला. असं केलं की जानही उलटी होते आणि दोन बाजूंना दोन सूर्य असल्यासारखं दिसतं. कच्चा माणूस तिथे सापडतो. मी कच्चा नाही. जान योग्य बाजूला सरकवली.

कॅलेंडर छापून आलं तेव्हा चंद्रभानने ते दोन्ही हातांनी धरलं.

"हे कोन होय, भाऊ?"

"तुझी बाई."

"बाई नाही होय हे. हे तं दोन्ही डोयानं पाहून राहिली." मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "चांगली दिसते पन."

मी ही तारीफ समजलो.

पंधरा दिवसांनी तो दुपारचा माझ्या घरी आला. घरात बसायला तयार नव्हता. मोटारसायकलजवळच उभा राहिला.

"वर्धापनदिन हाय येत्या रविवारी. मोठे पाहुने येऊन राहिले. त्याह्यच्या हातानं एक पक्षी सोडनार हाय."

"चांगलं आहे की."

"पाहुन्याईनं कॅलेंडर पाह्यलं, भाऊ. फेब्रुवारीवर बोट ठेवलं."

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"तिले अंतर समजत नाही. चार बोटांवरची मटनाची बोटी तिले सापडत नाही, थे उंदीर काय पकडनार हाय? फांदीवर बसाले जाईन अन् फांदी सोडून बसन. डोया तुम्ही लावला, भाऊ. तुम्हीच मॅडमले सांगा ना गा चालून."

मूळ फोटो पेनड्राइव्हवर घेतला आणि त्याच्या मागे बसलो. चाळीस वर्षांत कुणी लावलेला डोळा परत काढा म्हणून आलं नव्हतं.

मिनल मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. मॅडम वाईट नव्हत्या, फक्त त्यांच्या टेबलावर निमंत्रणपत्रिकांचे गठ्ठे होते, आणि प्रत्येक पत्रिकेवर मोरघार दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होती.

"काका, थोडंफार एडिटिंग तर सगळेच करतात."

"थोडंफार नाही. डोळाच बनवलाय."

"पण डॉक्टरांचं प्रमाणपत्र आहे." ते त्यांनी काढून दाखवलं. दोन्ही डोळे निर्दोष, उड्डाणास योग्य. इथल्या डॉक्टरांची जागा रिकामी होती. कार्यभार तालुक्याच्या एका गुरांच्या डॉक्टरकडे होता. त्यांना इतक्या लांब येणं जमत नसे, म्हणून मॅडमनी त्यांना फोटो पाठवला होता. कोणता, ते मी विचारलं नाही. प्रमाणपत्राच्या कोपऱ्याला तो टाचलेलाच होता.

मी मूळ फोटो त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडला. त्यांनी आधी त्याची तारीख पाहिली.

"हा ऑक्टोबरचा आहे ना? प्रमाणपत्र जानेवारीचं आहे. मधल्या काळात उपचार झाले असतील."

"कोन्ते?" दारातून चंद्रभान म्हणाला.

"चंद्रभान, आपण इथे तेच तर करतो."

"मंग चाला ना, मॅडम. पिंजऱ्यात चाला. सोताच्या डोयानं पाहा."

आम्ही तिघं गेलो. बाई खोडावर बसली होती. माणसं दिसताच तिने मान वळवली आणि चांगला डोळा आमच्यावर रोखला. एक डोळा गेलेला प्राणी दुसरं काय करणार?

"बघा," मॅडम म्हणाल्या, "किती स्वच्छ डोळा आहे."

"इकून या, मॅडम. या बाजूनं."

मॅडम त्या बाजूला गेल्या. बाईने मान फिरवली. आम्ही पिंजऱ्याला आणखी अर्धी फेरी घातली. बाईही खोडावर फिरली. पूर्ण चक्कर झाली आणि आम्ही निघालो तिथे परत आलो. बाईचा उजवा डोळा आमचा पाहुणचार करायला हजर होताच.

मग मॅडमचा फोन वाजला आणि बाई क्षणभर दचकून वळली. ते पांढरं बुबुळ लख्ख दिसलं. मॅडमलाही दिसलं. मी मॅडमच्या चेहऱ्याकडेच पाहत होतो, त्यामुळे खात्रीने सांगतो. मॅडमनी फोन उचलला, "हो सर, सगळी तयारी झाली आहे," म्हणाल्या आणि बोलत बोलत ऑफिसकडे निघून गेल्या.

चंद्रभान म्हणाला, "पाह्यलं मॅडमनं."

"हो."

"मंग काहून?"

याचं उत्तर पत्रिकांच्या गठ्ठ्यात होतं.

रविवारी मंडप, खुर्च्या, बँड. सूत्रसंचालक मुक्तीवर बोलला. मी कॅमेरा घेऊन पुढेच होतो, कारण फोटोग्राफर मीच होतो. चंद्रभानने बाईला आणून पाहुण्यांच्या हातमोज्यावर ठेवलं, तिच्या उजव्या कानाशी काहीतरी बोलला आणि मागे सरला. पाहुण्यांनी हात उंचावला.

ती उडाली. काय उडाली! पंख पूर्ण उघडून, तुरा मागे झोपवून. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बँड सुरू झाला. मी बटण दाबून धरलं होतं. आभाळात ती डावीकडे वळली. डावीकडे लाउडस्पीकरचा लोखंडी खांब होता. तिच्या दृष्टीने तिथे काहीच नव्हतं.

आवाज बँडमध्ये बुडाला. पाहुणे तेव्हा कॅमेऱ्यांकडे तोंड करून उभे होते, त्यांनी काही पाहिलं नाही. ते अजून टाळ्या वाजवत होते.

संध्याकाळी चंद्रभान माझ्याकडे आला. पोत्यात बाई होती. ओट्यावर पोतं पसरून त्याने तिला नीट ठेवलं, तुरा बोटाने सरळ केला.

"एक फोटो काढून द्या, भाऊ. माह्यापाशी तिचा नाही. जो हाय थो दुसरीचाच हाय."

मी कॅमेरा आणला. तोंडातून चाळीस वर्षांचं वाक्य निघून गेलं, "डोळे उघडून देऊ?"

"उजवा मिटला," चंद्रभान म्हणाला. "डावा उघडाच हाय. राहू द्या तसाच."

मी तसाच काढला. त्या पांढऱ्या बुबुळात ओट्यावरच्या दिव्याचा एक ठिपका आपोआप पडला होता. तो मी टाकला नव्हता.

तेवढ्यात मॅडमचा मेसेज आला. उड्डाणाचा फोटो वर्तमानपत्राला हवा होता. 'काका, तेवढा खांब काढून पाठवा प्लीज.' मी खांबासकट पाठवला. आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून एखादी गोष्ट होती तशी ठेवली, आणि अर्थातच ती उशिरा ठेवली.

सकाळी पेपरात फोटो होता. मोकळं आभाळ, मोरघार, खाली टाळ्या वाजवणारे पाहुणे. खांब कुणीतरी काढला होता. पण खांबाची सावली मैदानावर तशीच राहिली होती, पाहुण्यांच्या पायापासून मंडपापर्यंत लांबलचक, कशाचीच नसलेली.

फार कच्चं काम. मी चष्मा लावून बराच वेळ पाहत बसलो, आणि खोटं कशाला सांगू, ती सावली पुसायला माझा हात शिवशिवत होता.