दोन पदरांचं लुगडं

"धुरपताबाई, ही बिनपदराची गठुडी आता कुठं ठिवू? डोस्क्यावर घिऊन बसू?" चन्नबसप्पांनी गादीवरूनच विचारलं.

धुरपताबाईनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. दुकानाच्या कोपऱ्यात लुगड्यांच्या अर्ध्या तुकड्यांचा ढीग लागला होता. हिरवे, अंजिरी, मोरपिशी. सगळे कोरे, करकरीत. फक्त त्यातल्या एकालाही पदर नव्हता.

"खपतील, आप्पा."

"कवा? म्या वर गेल्यावर? गिऱ्हाईक येतंय, पदराकडचा तुकडा उचलतंय, अन् चालू पडतंय. राहिलेल्या तुकड्याचं काय करू? म्हादेवाला पडदा लावू?"

"नंदीबैलवाल्याला द्या, आप्पा. झूल करतोय," दुकानातला गुमास्ता पंढरी म्हणाला आणि स्वतःच हसला.

"तू गप." चन्नबसप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, दिवाळीपातुर बघतो. ढीग न्हाई हलला तर वट्टा पानवाल्याला देणार. कवाचा मागून राहिला त्यो. राग मानू नगा."

"न्हाई मानत," धुरपताबाई म्हणाली आणि चाक पुन्हा फिरवलं.

राग मानून भागण्यासारखं नव्हतंच. नवरा जिनिंगमध्ये हमाली करता करता छातीच्या दुखण्यानं गेला, तेव्हा पदरात लेक पंचशीला होती आणि घरात पलटणीतल्या भावानं घेऊन दिलेलं हातमशीन होतं. चन्नबसप्पांच्या कापडदुकानाचा ओटा मिळाला म्हणून त्या मशीनला गिऱ्हाईक मिळालं. ओटा गेला असता तर दोघी मायलेकींना खडी फोडायलाच जावं लागलं असतं.

साल बहात्तरचं. लातूर तेव्हा साधं तालुक्याचं गाव. डाळींचा अडत बाजार आणि तेलाच्या गिरण्या एवढीच त्याची ऐट. त्या वर्षी अडतही ओस पडली. रानात काही उगवलं नाही, आणि ज्या घरच्या बायांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला नव्हता, त्याही तोंडावर पदर ओढून दुष्काळी कामावर जाऊ लागल्या.

ओट्यावर बसणाऱ्याला माणसांचे चेहरे नंतर दिसतात, आधी दिसतात ते काठ. धुरपताबाईला त्या वर्षी काठांवरूनच सारं कळत होतं. बाया बाजारादिवशी यायच्या, लुगड्यावरून हात फिरवायच्या, किंमत विचारायच्या आणि "बघू पुढच्या हप्त्याला" म्हणून पायऱ्या उतरायच्या. त्यातली एक रेणापूरकडची तुळजाबाई. घरी चांगली काळी जमीन, पण त्या वर्षी जमीन काय करणार? ती दर वेळी पदर मुठीत चुरगाळून धरायची. डोक्यावर चुंबळ ठेवून दगडमातीच्या टोपल्या वाहून पदराची चाळण झाली होती, ती मुठीत झाकायची.

एकदा पायरी उतरताना ती स्वतःशीच पुटपुटली, "पदरापुरतं कुनी दिलं असतं तर वरीस निघालं असतं."

धुरपताबाईनं ते ऐकलं. फाटकं लुगडं मधे कापायचं, त्याचं धड अंग दुसऱ्या धड अंगाला जोडायचं, म्हणजे दंड घालायचा, हे घरोघर चालायचंच. पण जोडायला दुसरं जुनं लुगडं तरी घरात हवं. त्या वर्षी कुणाकडे होतं?

ती उठून चन्नबसप्पांच्या गादीपाशी गेली. "आप्पा, लुगडं अर्धं इका. बाईच्या जुन्याला दंड म्या घालून देते."

"अर्धं? कापून?" चन्नबसप्पा दचकले. "काई शुभ-अशुभ हाय का न्हाई? कापलेलं कापड लेकीबाळीला देऊ?"

"फाटकं घालण्यापरीस कापलेलं बरं न्हाई का?"

अर्धं द्यायला ते कबूल झाले, पण धुरपताबाईच्या अटी निघाल्या. लुगडं पडद्यामागं कापायचं. अर्ध्याची घडी पुऱ्या लुगड्यासारखी जाड घालायची, कागदात बांधून द्यायची. आणि दुकानात कुणी 'अर्धं' म्हणायचं नाही, 'घडी' म्हणायचं.

"येवढा थाट कशापायी?" पंढरीनं विचारलं.

"ती बाई पुऱ्या बाजारातून चालत घरला जाती म्हणून."

पंढरीच्या ते डोक्यात शिरलं नाही. एका बाजारादिवशी भर गर्दीत तो ओरडला, "ओ मावशी, अर्धं दाखवू का?" ती मावशी वहाणा पायात सरकवून निघून गेली ती परत आली नाही. पुढं कितीतरी दिवस पंढरीच्या सदऱ्याची गुंडी तुटली की धुरपताबाई म्हणायची, "लावते की. अर्धीच लावू का?" शेवटी पंढरीनं हात जोडले. त्यानंतर दुकानातल्या कुणाच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. चन्नबसप्पाही आल्या गिऱ्हाइकाला "एक घडी दाखवू?" असंच विचारू लागले.

दंड घालताना शिवण निऱ्यांत बुडेल, चालताना दिसणार नाही, अशी ती घालायची. शिवलेलं लुगडं देताना आपणहून सांगायची, "घरला गेल्यावर आधी पाण्यातून काढा बरं का. नव्याची खळ लई चावती अंगाला." बाया मान हलवायच्या. खळ असायचीच, पण धुरपताबाई भीमनगरातली, आणि तिच्या हातचं कापड पाण्यातून काढल्याशिवाय कितीक घरांत उंबऱ्याच्या आत गेलं नसतं. त्यांना ते बोलावं लागू नये म्हणून ती स्वतःच बोलून टाकायची.

सारं असं बसत आलं आणि एक गोष्ट मात्र तिच्या हिशेबात राहून गेली. लुगड्याला पदर एकच असतो. आणि त्या टोपल्यांच्या वर्षात फाटला होता तो सगळ्यांचा पदरच.

चन्नबसप्पांनी दिवाळीची मुदत घातली त्या दिवशी ती घरी गेली ती तोच विचार घेऊन. सकाळी दुकान उघडायच्या आधी ओट्यावर हजर.

"आप्पा, माल आणाया नांदेडला जाणार ना? मला संगं न्या."

"तुमी काय करणार तिथं?"

"इणणाऱ्याला एक इचारायचं हाय."

एस.टी. अहमदपूरवरून लोह्याला थांबली. चन्नबसप्पांनी हॉटेलात बसून चहा घेतला. तिनं बाहेर लिंबाखाली उभ्यानं घेतला. तसं कुणी ठरवलं नव्हतं, ते तसंच असायचं. पुन्हा गाडीत बसल्यावर मात्र दोघंही खिडकीतून तेच उघडंबोडकं रान बघत राहिले, आणि आप्पा म्हणाले, "बाई, तुमच्या नादानं पार बुडालो न्हाई म्हंजे मिळवली."

नांदेडात विणकरांच्या गल्लीत घराघरातून मागाचा खडखडाट यायचा. चन्नबसप्पांचा विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता. त्याची बायको गौरम्मा दारात सुताच्या कांड्या भरत होती. मूळची तेलंगणातली माणसं. घरात तेलुगू, बाहेर मोडकी मराठी.

धुरपताबाईनं सांगितलं, "एकाच लुगड्याला दोन्ही टोकाला पदर घालाल का?"

"रेंडु कोंगुलु?" गौरम्मा हसायलाच लागली. "दोन पदर? एक बाईच्या डोक्याला. दुसरा काय नवऱ्याच्या डोक्याला?"

"एक तुझ्या डोक्याला अन् एक माझ्या," धुरपताबाई म्हणाली.

गौरम्माचं हसू थांबलं. तिनं कांडी खाली ठेवली.

विणकर मान हलवत होता. पदराला रंगीत सूत जास्त लागतं, हातही अडतो. दोन पदर म्हणजे दुप्पट कटकट. चन्नबसप्पा म्हणाले, वर पैसे द्यायला मी काही खजिन्यावर बसलो नाही. बोलणं तिथंच मोडायचं, तेवढ्यात धुरपताबाई खाली बसली आणि आपला स्वतःचा पदर जमिनीवर पसरून त्यावर हात ठेवला.

"येवढा लांब लागतच न्हाई. डोक्यावर दिसतोय तेवढाच असू द्या. दोन्ही मिळून सूत एका पदराच्या वर जाणार न्हाई."

गौरम्मानं आपल्या पदराकडे पाहिलं. तोही डोक्यावर विरला होता. ती नवऱ्याशी तेलुगूत भरभर काही बोलली. चन्नबसप्पांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण विणकर खाली मान घालून हसला आणि म्हणाला, "एक लावून बघतो, सावकार."

दिवाळीआधी दोन पदरांची लुगडी लातुरात आली. पहिलं लुगडं अंजिरी होतं. पडद्यामागं कापलं. त्यातलं एक अंग अखेर पैसे जुळवून तुळजाबाईनं नेलं. त्याच दिवशी संध्याकाळी दुसरं अंग भामाबाईनं नेलं. ती धुरपताबाईच्याच आळीतली, त्याच रस्त्याच्या कामावर जाणारी. एका लुगड्याची दोन अंगं, एकमेकींच्या घरचं पाणी न चालणाऱ्या दोन घरांत वर्षभर नांदली. धुरपताबाईला ते ठाऊक होतं. तिनं हिलाही सांगितलं नाही आणि तिलाही नाही.

कोपऱ्यातला जुना ढीग पोरींच्या परकरांत हळूहळू जिरला. थोडी खोट आलीच. चन्नबसप्पांनी ती तिच्यावर घातली नाही. पानवाल्याला त्यांनी दुसरीकडे जागा बघायला सांगितलं.

पुढं पाऊस झाला, ज्वारी घरात आली, आणि बाया पुन्हा पुरं लुगडं घेऊ लागल्या. घडीचं नाव मागं पडलं. पण दुकानाची वळणं राहिली. गिऱ्हाईक बोलत असताना कुणी कात्री हातात धरायची नाही, न घेता उठलेल्या बाईलाही पाणी विचारायचं, आणि कुणी काय नेलं ते दुसऱ्यापाशी बोलायचं नाही. नवा नोकर लागला की पंढरी त्याला ही वळणं अशी शिकवायचा, जणू ती त्याच्याच डोक्यातून निघाली होती.

मग ब्याऐंशी साली लातूरचा जिल्हा झाला. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, उस्मानाबादेहून आणि कुठून कुठून नोकरमाणसं बिऱ्हाडं घेऊन आली. एका खोलीचं भाडं ऐकून जुनी माणसं कपाळाला हात लावायची. चन्नबसप्पांचा मुलगा विरूपाक्ष पुण्याला शिकून आला होता. त्यानं जुनं दुकान पाडून काचेच्या दाराचं नवं बांधलं. ओटा गेला, पण धुरपताबाईचं मशीन त्यानं आत घेतलं, पंख्याखाली.

"मावशी, इथं बसायचं तुमी," तो म्हणाला. "अन् दसऱ्याला उद्घाटन हाय. त्या दोन पदरांच्या घडीचं पहिलं गिऱ्हाईक कोण व्हतं? त्या बाईला साडी देऊ, फोटो पेपरात येईल. लोकांना कळू द्या, आपण दुष्काळात गिऱ्हाइकासाठी काय केलं ते."

पोरगा वाईट नव्हता. बापाच्या दुकानाचा त्याला खरोखर अभिमान वाटत होता.

"आठवलं तर सांगते," ती म्हणाली.

"तुमाला न आठवाया काय झालं? पोराबाळांची मापं तोंडपाठ तुमची."

दसऱ्याला दुकानापुढं मांडव पडला. जुन्या गिऱ्हाइकांना आवतणं होती. विरूपाक्ष बोलायला उठला. त्यानं नांदेडची गोष्ट सांगितली, दोन पदरांची गोष्ट सांगितली, टाळ्या पडल्या. "आता ते अर्धं लुगडं पहिल्यांदा कुणी नेलं, त्या माउलीचं नाव आमच्या धुरपतामावशी सांगतील."

माईक तिच्या हातात आला. 'अर्धं' हा शब्द दुकानाच्या दारात दहा वर्षांत पहिल्यांदा उच्चारला गेला होता. पंढरी जागच्या जागी अवघडला.

बायांमध्ये तुळजाबाई बसली होती. मुलगा नव्या कलेक्टर कचेरीत लागलेला. शेजारी सून, शहरातली, नेटकी. तुळजाबाईच्या अंगावर भारी इरकल होतं, धड पदर होता. तरी तिची मूठ त्या पदरावर आवळली गेली. मागं खांबापाशी भामाबाई उभी होती. ती खाली बघत होती.

धुरपताबाईनं माईक तोंडापाशी नेला.

"मीच," ती म्हणाली.

मांडवात हशा पिकला. विरूपाक्ष गोंधळला. "मावशी, तुमी?"

"हाव. माझाच पदर फाटला व्हता. पहिली घडी म्याच नेली. शिवणारीनं आधी आपल्याला शिवून बघाया नगं?"

खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या चन्नबसप्पांनी तिच्याकडे पाहिलं. दोन पदरांची पहिली घडी त्यांनी स्वतः बांधून दिली होती आणि कुणाला दिली ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं सावकाश पुसला.

"बराबर हाय," ते म्हणाले. "माझ्या ध्यानात हाय ते."

साडी धुरपताबाईलाच मिळाली. पेपरात फोटोही आला. त्यात ती कॅमेऱ्याकडे न बघता कुठंतरी बाजूला बघते आहे.

दिवाळीनंतर एका दुपारी काचेचं दार ढकलून तुळजाबाई आत आली. एकटीच. साड्यांच्या बाजूला न जाता ती मशीनपाशी आली, आणि कुणी बघत नाही ना हे न बघताच खाली बसली. काखेतलं बोचकं सोडलं. आत ते अंजिरी लुगडं होतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं.

"नात झाली," ती म्हणाली. "ह्याचं दुपटं शिवून दे."

धुरपताबाईनं लुगडं मांडीवर पसरलं. बोटं आपोआप दंडावर गेली. शिवण अजून पक्की होती. जुनं अंग पार फिकं पडलं होतं, घडीच्या अंगावर अजून रंग होता.

"दंड काढू का? एका अंगाचं बी हुतंय दुपटं."

"नगं. ऱ्हाऊ दे. मधीच येऊ दे."

दुपटं शिवून होईपर्यंत तुळजाबाई तिथंच बसून होती. विरूपाक्षाचा नवा नोकर न सांगता पाणी घेऊन आला. दुपट्याची घडी घालून धुरपताबाईनं ती तिच्या हातात दिली आणि जुन्या सवयीनं म्हणाली, "घरला गेल्यावर आधी पाण्यातून काढा बरं का."

तुळजाबाईनं दुपटं गालाला लावून पाहिलं.

"कशाला?" ती म्हणाली. "खळ कुठं ऱ्हायलीय आता त्याला."

आणि ते तसंच छातीशी धरून ती काचेच्या दारातून बाहेर पडली. धुरपताबाईनं चाकावर हात ठेवला, पण बराच वेळ ते फिरवलं नाही.