पट्टी नसलेलं पिंप

आमच्या हॉटेलला गावाची फार काळजी. निदान दारावरच्या पाटीवर तरी तसं लिहिलंय. दर वर्षी धुलाईखान्यातली रिकामी निळी पिंपं पाणी साठवायला गावात वाटतात आणि फोटो काढतात.

त्या पिंपांत आधी चादरींचे तेलकट डाग काढायचं औषध असतं. दिसायला पाण्यासारखं, पण पोटात गेलं तर घशापासून सगळं जाळत जातं. म्हणून प्रत्येक पिंप मी तीनदा धुते आणि त्याच्या कडीला जुन्या चादरीची पट्टी बांधते. पट्टी नसली तर ते पिंप धुलाईखान्यातून कोणी हलवत नाही.

त्या सकाळी पाच धुऊन झाली. सहावं भिंतीशी ठेवून मी इस्त्रीला गेले. परतले तर सहाही गायब, आणि फरशीवर कापलेल्या पाच पट्ट्या.

"बॉस, पट्ट्या कोणी कापल्या?"

"मीच," हॉटेलचे मॅनेजर लुकिंडोसाहेब म्हणाले. "फोटोत चिंध्या दिसतात त्या. आणि पाच काय द्यायची? सहा पाठवली."

"सहावं धुतलेलं नव्हतं हो!"

साहेबांचा चेहरा उतरला. पण बाहेर पाहुणे होते. "हळू बोल, म्वानाइदी. पाहुण्यांसमोर हॉटेलला नावं ठेवायची नाहीत, नोकरीच्या कागदावर सही केलीयस ना? तळाला थोडंसं असेल, पाण्यात विरून जाईल."

मी गणवेशातच गावाकडे पळत सुटले.

मशिदीच्या अंगणात पाच पिंपं भरून ठेवलेली. औषध असेल तर पाणी बोटांना बुळबुळीत लागतं. मी पहिल्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला.

"अगं ए बाई, हात काय बुचकळतेस? प्यायचंय आम्हाला ते!"

"हॉटेलात जाऊन हिचं डोकं फिरलंय!"

पाण्याला आलेल्या बायकांच्या शिव्या खात मी पुढे सरकत होते. पाचही चांगली निघाली. सहावं कुठंच नव्हतं.

"सहावं होय?" पिंपं पोचवणारा गाडीवाला चांडे हसत म्हणाला. "ते तुझ्याच घरी टाकलं. अगदी कोरं करकरीत होतं. म्हटलं, आपल्या माणसाला चांगलं द्यावं. आता चहा पाज!"

घरी सासूबाई एकट्या होत्या. नारळाच्या बागेतून धावताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त त्यांचा पाण्याचा पेला होता. चांडेला शिव्या घालायलाही माझ्यात दम उरला नव्हता.

सासूबाई पिंपाशेजारी ओट्यावर बसल्या होत्या.

"आई, पाणी प्यायलात?"

"पिंप न धुता कशी पिऊ? हॉटेलचं असलं म्हणून काय झालं! आत वाकून हातानं तळ घासला. पण बघ ना, आग आग होतेय."

त्यांनी हात पुढे केले. तळव्यांची कातडी पांढरी पडून सुटत होती. मी रडत रडत घरातला हंडा त्यांच्या हातांवर रिता केला.

"दवाखान्यात चला. हॉटेलच्या पिंपानं झालं म्हणून सांगते मी तिथं."

"वेडी आहेस का? नोकरी जाईल तुझी. चुलीवर भाजलं म्हणू."

नोकरीची भीती माझ्याही मनात होतीच. त्या तसं म्हणाल्या आणि मला हायसं वाटलं. दवाखान्यात नर्सनं विचारलं तेव्हा मी खाली बघून म्हणाले, "चुलीवर भाजलं."