परक्या घरचं पाणी

घोंगड्यातून पायाचा एक अंगठा बाहेर आला होता. नख तिरकं वाढलेलं. निकारेतीला तेवढं पुरलं. पोराच्या लहानपणी ते नख तीच दगडावर घासून सरळ करून द्यायची.

चौघांनी घोंगडं मागच्या मळ्यातून, कुणाच्या नजरेला पडू न देता आणलं होतं. बहुतेक गाव द्राक्षं तुडवायला खळ्यावर गेलेलं. गावचा पुढारी देमोफिलोस दाराबाहेरच थांबला.

"वहिनी, तू आई, म्हणून एकदा दाखवायला आणलाय. आता वरच्या घळीत नेतो. गावाला सांगितलंय, धरणी दुभंगली आणि फिलाग्रोस जिवंतपणी आत गेला."

"आणि नदीपलीकडच्यांचा भाला कुठे लागला?"

"लागला नाही. त्याला काही लागत नव्हतं, हे तुला का मी सांगायचं? नदीपलीकडच्यांना कळलं की तोसुद्धा मरतो, तर उद्या चालून येतील. त्याचं देऊळ बांधू. वर्षाला काळा मेंढा कापू."

"मेंढा तुम्हीच खा. माझं पोर खाली ठेवा."

"वहिनी..."

"ठेवता, की खळ्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडू?"

त्यांनी ठेवलं. देमोफिलोस जाताना म्हणाला, "ठेव घरात. पण दाराशी घडा दिसणार नाही. तुला पाणी कोण देतं तेच बघतो."

आमच्या पेलियोन डोंगराच्या पायथ्याला तेव्हा अशी रीत होती. मयताच्या घरातलं पाणी विटाळलेलं, म्हणून दुसऱ्या घरून घडा भरून आणायचा आणि दारात ठेवायचा. आत आलेला माणूस बाहेर पडताना त्यातलं पाणी अंगावर शिंपडून घेई. घडा नसेल त्या घरात कुणी रडायला जात नसे. ज्याच्यासाठी कुणी रडलं नाही त्याला पुरत नसत, आणि न पुरलेला पाताळातल्या नदीच्या अलीकडेच भटकत राही. एवढं सगळं एका घड्यावर टांगलेलं असायचं.

निकारेतीने त्याला खाटेवर घेतलं, पाय दाराकडे केले, तेल लावून पुसलं. भाला बरगडीखाली घुसला होता. चिलखताने सहज अडला असता. बाकी अंगावर नऊ जुने व्रण. ते सगळे तिनेच शिवले होते, दार लावून, कुणाला न सांगता.

कारण चूक तिचीच होती. पोर दोन वर्षांचं असताना चुलीत पडलं होतं. तिने दोन्ही हात विस्तवात घालून त्याला उपसून काढलं. बायका धावत आल्या तेव्हा पोर धडधाकट हसत होतं. देवीने याला आगीत घालून पक्का केला, असं कुणीतरी म्हणालं. त्या काळी प्रत्येक खोऱ्याला असा एखादा वीर हवाच असायचा. पलीकडच्या खोऱ्यात कातडीवर काशाचं पातं न चालणारा होता, समुद्राकाठच्यांकडे देवीने न्हाऊ घातलेला. आपल्याकडेही एक निघाला म्हणून गाव नाचलं. नवरा मेलेल्या निकारेतीच्या दारी अंजिरं आली, कणीक आली. तिने भाजलेले हात शालीखाली घेतले आणि गप्प बसली. ती शाल तिने बावीस उन्हाळे काढली नाही.

पुढे तो मोठा झाला, आणि चिलखत मागितलं की पोरं टिंगल करायची, "काय रे फिलाग्रोस, देवीवर भरवसा नाही होय?"

तिने रिकामा घडा काखोटीला मारला. पहिल्या दोन घरांची दारं तोंडावर लागली. तिसरं मिर्तोचं. निकारेतीच्या बाळंतपणात रात्रभर जागलेली ती मिर्तो.

"ताई, मागू नकोस गं. देमोफिलोसकाकांनी ताकीद दिलीय. आणि तो आत गेलाय म्हणतात ना, धरणीत?"

"माझ्या खाटेवर आहे तो. बघायला ये."

मिर्तोने मान खाली घातली. "मला पोराबाळांत राहायचंय."

निकारेती तशीच खळ्यावर गेली. देमोफिलोस दगडावर उभा राहून बोलत होता, "...म्हणून भिऊ नका! देवांनी गाव सोडलेलं नाही. मिर्तोचा मुलगा आस्तिलोस! गेल्या साली त्याला साप डसला आणि काही झालं नाही. उद्या पुढच्या रांगेत तो उभा राहील, उघड्या छातीने!"

आस्तिलोस गुडघ्यापर्यंत द्राक्षांत उभा होता. लाजून हसला. पाठीवर थापा पडल्या.

निकारेतीने शाल खाली टाकली. कोपरापर्यंत कातडी वितळून, आक्रसून गेलेली. तिने दोन्ही हात वर केले.

"ही बघा तुमची देवी! आग याच हातांनी खाल्ली, म्हणून पोर धड राहिलं. मी बोलले नाही, मला अंजिरं गोड लागली. माझ्या तोंडात माती पडो. पण तुम्ही? नऊ वेळा लंगडत घरी आला, एकाला दिसलं नाही? तुम्हाला मरणारा माणूस नको होता, त्याच्यामागे उभं राहायला भिंत हवी होती!"

"म्हातारीचं डोकं फिरलंय," देमोफिलोस म्हणाला.

"फिरलंय ना? मग चल घरी, त्याच्या बरगडीत बोट घालून बघ!"

देमोफिलोस दगडावरून उतरला नाही. रसाच्या पन्हळीवर गांधीलमाश्या घोंगावत होत्या. निकारेतीने रिकामा घडा दगडावर आपटून फोडला आणि घरी निघून गेली. खाटेखाली रीतीप्रमाणे रानमरव्याच्या काड्या पसरल्या, आणि दाराशी बसली. घडा नसताना रडू बाहेर पडू द्यायचं नव्हतं. दात दुखेपर्यंत ती ते आवळून बसली होती.

ऊन कलत होतं तेव्हा मिर्तो गल्लीतून आली. डोक्यावर काठोकाठ भरलेला घडा. मागे आस्तिलोस, पाय अजून जांभळे. गल्लीच्या तोंडाशी देमोफिलोस ओरडत होता, "मिर्तो, मागे फिर! नदीपलीकडे बातमी जाईल!"

मिर्तोने घडा दारात टेकवला.

"त्या सापाने डसलंच नव्हतं, ताई," ती म्हणाली. "चपलेच्या वादीला दात लागले होते. मीसुद्धा गप्पच बसले होते." मग तिने केस सोडले, छाती पिटली आणि रडत म्हणाली, "मेला गं! आपला फिलाग्रोस मेला!"

"अजून मोठ्याने," निकारेती म्हणाली. "नदीपलीकडे ऐकू जाऊ दे."