माझ्या पोटातली दहा मुलं

मी एक जुनी, माणसं मोजायची डबी आहे. मुठीत मावेल एवढी, पोलादी, आणि डोक्यावर एक खटका. खटका दाबला की पोटातलं आकड्यांचं चाक एक घर पुढे सरकतं. माणूस आत आला, टक्. पुढचा आला, टक्. मित्रांनो, माझं आयुष्य एवढंच. पण कुणाच्या दारात टकटक करायची, ते नशिबात असावं लागतं.

माझं दार न्यूयॉर्कच्या एका बागेतल्या समाधीचं आहे, हडसन नदीच्या वरच्या अंगाला. आत एक राष्ट्राध्यक्ष आपल्या बायकोशेजारी निजला आहे. दोघांच्या लाल दगडी पेट्या खाली तळघरात आहेत, आणि लोक वरच्या कठड्यावरून वाकून बघतात. बांधणारा मोठा हुशार. ज्याला नमस्कार करायचा नसतो, त्याचीही मान तिथे खाली जातेच.

मला मुठीत बाळगणारी लुरलीनबाई प्रुइट ही इथली पहारेकरीण. तिची मोजणी चोख. समाधी बघायला आलेला कोण आणि शौचालय शोधत आलेला कोण, हे ती पायरीवरच ओळखते. "राष्ट्राध्यक्षांकडे आलेला मान वर करून येतो," ती म्हणते, "आणि दुसरा गुडघे जुळवून." दुसऱ्याला ती हसून रस्त्यापलीकडे पाठवते आणि माझा खटका दाबत नाही. एकवीस वर्षांत एकही गुडघेजुळव्या माझ्या पोटात आला नाही, याचा आम्हा दोघींना अभिमान होता.

यंदा वरून हुकूम आला. मे संपेपर्यंत दोन महिन्यांत बारा हजार माणसं आली नाहीत, तर समाधी फक्त शनिवार-रविवार उघडायची. म्हणजे लुरलीनबाईची जागा गेलीच. तेव्हापासून ती संध्याकाळी मला उजेडाकडे धरून वाचायची, आणि तिचा अंगठा गार पडलेला मला कळायचा.

त्यातच एप्रिलच्या शेवटी राष्ट्राध्यक्षांचा वाढदिवस आला. दरवर्षीप्रमाणे लष्करी शाळेची मुलं फुलांची चक्रं घेऊन आली, बिगुल वाजला. लुरलीनबाईने हात छातीवर नेला आणि मी सटकून संगमरवरावर आपटले. तिने उचललं, फुंकर मारली, दोनदा टक्टक् केलं. "चालतेय की!" म्हणाली आणि खिशात टाकलं.

मी चालत नव्हते. एककाचं चाक नऊवरून शून्यावर आलं की दशकाच्या चाकाने एक घर सरकायचं असतं. ते कधी सरके, कधी अडे. अडलं की दहा माणसं गडप. मला ते कळत होतं, पण सांगणार कशी? मला फक्त टक् म्हणता येतं. रोज संध्याकाळी ती म्हणे, "आजही कमीच," आणि मी तिच्या मुठीत लाजेने मरत असे.

मेच्या मध्यावर एका सकाळी दुसरीतली मुलं आली. त्या दिवशी दारात पहिली तीच, मी शून्यावर होते. लुरलीनबाईने एकेकाला मोजून आत सोडलं. मुलं पांगली, कुणी तळघरात, कुणी झेंड्यांच्या खोलीत. त्यांच्या शिक्षिका येसेनिया पोलांको शेवटी आल्या आणि सहज विचारलं, "किती झाली हो?"

"अठ्ठावीस."

"काहीतरीच काय! बसमधून अडतीस उतरवलीत मी!"

पुढचा क्षण मी विसरणार नाही. बाहेर भरधाव गाड्यांचा रस्ता, बागेच्या टोकाला नदी. लुरलीनबाईच्या घामाने मी ओली झाले. ती पायऱ्या उतरून धावली, बाकांमागे वाकली, रस्त्याच्या दोन्ही बाजू बघून आली. आत पोलांकोबाई हाका मारत होत्या, आणि घुमटात प्रत्येक हाक चारदा घुमत होती. त्यामुळे सगळंच आणखी भयंकर वाटत होतं.

शेवटी बाईंनी टाळी वाजवली. "जोडीदार!"

सहलीला निघताना प्रत्येक मुलाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो. ही हाक आली की असाल तिथून जोडीदाराचा हात धरून रांगेत यायचं आणि हात वर करायचा. मुलं आली. हात वर गेले. बाईंनी मोजले, पुन्हा मोजले. एकोणीस जोड्या.

"आहेत हो! सगळी आहेत!" बाई कठड्याला टेकल्या.

"मग बाई," पुढचे दात पडलेल्या एका मुलीने विचारलं, "मी अठ्ठाविसातली की हरवलेल्यांतली?"

लुरलीनबाई हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, एकवीस वर्षांत बघितलं नव्हतं तसं. खटका दाबत गेली. एकोणतीस झाले. पुन्हा टक्. वीस!

"अगं सटवे!" ती पुटपुटली. "किती जण गिळलेस?"

तिने तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला. ऑस्ट्रँडरसाहेब हसले. "लुरलीन, ज्या आकड्यावर तुझी जागा, तो आकडा बिघडलाय असं तूच सांगणार?"

"मी सांगत नाही, साहेब. इथे अडतीस साक्षीदार उभे आहेत, आणि सगळे एकदम बोलतात. देऊ का फोन?"

पोलांकोबाईंनी अडतीस मुलं आल्याची चिठ्ठी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी साहेब नवी डबी घेऊन स्वतः दारात उभे राहिले. माझे बिघडलेले आकडे सोडून, दिवसाला दोनशेच्या हिशेबाने आठ दिवसांत सोळाशे माणसं आली तर पुरे, असं ठरलं. आठ दिवस उभे राहिले. लुरलीनबाईने त्या आठ दिवसांत नखं खाऊन संपवली. पहिल्या दिवशी साहेबांनी दोन गुडघेजुळवेही मोजले, तर तिने ते वजा करायला लावले! आठव्या दिवशी आकडा भरला. काठावर, पण भरला. समाधी वर्षभर रोज उघडी राहणार आहे. पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी.

मी आता खणात असते. माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंना अधूनमधून तपासत जा. आम्हाला खोटं बोलता येत नाही म्हणून तुम्ही डोळे मिटून विश्वास ठेवता. चुकता मात्र आम्हालाही येतं. आणि चूक आमची असली, तरी दार बंद होतं ते माणसाचं.